नानांना दिसत नाही, इंटरनेट रेडिओ कुठला घ्यावा? (सोलापूर)

पद्मा_साखरपेठ

नमस्कार मंडळी. आमचे नाना ७४ वर्षांचे. आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणल्या. आता काचबिंदूमुळे उजेड-अंधार तेवढा कळतो, बाकी काही नाही. घरात आम्ही तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. नानांना सकाळी आकाशवाणी सोलापूर लागतं आणि दुपारनंतर हैदराबाद नाहीतर विजयवाडा. पूर्वी रात्री मीडियम वेव्हवर हैदराबाद सापडायचं, आता नुसती घरघर येते. माझ्या मोबाइलवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप लावून दिलं की खूश असतात, पण मी शाळेत निघाले की मोबाइल माझ्याबरोबर जातो.

ऑनलाइन बरेच इंटरनेट रेडिओ दिसतात, पण सगळ्यांना रंगीत पडदा. नव्या पेठेत एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "ब्लूटूथ स्पीकर घेऊन जावा की ताई, रेडिओ कोण ऐकतंय आता." अंध माणसांसाठी खास बनवलेला रेडिओ मिळतो का? स्मार्टफोन नानांना नकोच आहे, काचेवर बोट कुठं टेकवायचं ते समजत नाही म्हणतात. घरी वायफाय आहे. बजेट फार तर आठ हजार.

विशाल_होटगीरोड

अलेक्सा घ्या, विषय संपला. "ऑल इंडिया रेडिओ" म्हणायचं, लागतं. बटणाची भानगडच नाही.

पद्मा_साखरपेठ

विशालदादा, त्याला तेलुगू किंवा मराठी कळतं का? नानांचं हिंदी बाजारापुरतं आहे.

विशाल_होटगीरोड

नाही, आपल्याकडे हिंदी आणि इंग्रजीच. पण चार शब्द पाठ करून घ्यायचे की.

ऑपरेटरकाका

पद्माताई, मी जन्मापासून अंध. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो, निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहतो. रेडिओ हे माझं व्यसन, त्यामुळे उत्तर लांबणार. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) लावून टाइप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर त्याच्या नावावर मांडा.

आधी ते रंगीत पडद्यावाले डोक्यातून काढून टाका. विकणारा सांगतो, एकच गोल बटण आहे, एकदम सोपं. दुखणं तिथंच आहे. बटण एक म्हणजे बाकी सगळा कारभार पडद्यावर. फिरवलं की यादी सरकते, दाबलं की काहीतरी निवडलं जातं, आणि काय निवडलं ते डोळसालाच ठाऊक. वायफायचा पासवर्डसुद्धा बहुतेक सेटवर तेच बटण फिरवत एकेक अक्षर शोधून भरायचा. पहिल्यांदा तुम्ही भरून द्याल हो. पण राउटर बदलला किंवा घरातलं पोर मेनूत शिरून काही दाबून गेलं, की नाना संध्याकाळपर्यंत तुमची वाट बघत बसणार. माझी कसोटी साधी आहे: सेट बंद करून परत चालू केला, तर कुणालाही हाक न मारता हवं ते स्टेशन लागलं पाहिजे. यात जो नापास तो माझ्या घरात येत नाही, मग त्याच्यावर तीस हजार स्टेशनं असोत.

खास अंधांसाठीचे सेट जगात आहेत, नाही असं नाही. ब्रिटनमध्ये तर 'ब्रिटिश वायरलेस फॉर द ब्लाइंड फंड' नावाची संस्था गरजू अंधांना रेडिओ पुरवते. १९२९ च्या नाताळात चर्चिलनं बीबीसीवरून तिच्यासाठी आवाहन केलं होतं, इतकी ती जुनी. पण ती सोय तिथल्या रहिवाशांना. ह्युमनवेअर कंपनीचा व्हिक्टर रीडर स्ट्रीम मी हाताळला आहे. मुठीत मावतो, जुन्या फोनसारखी आकड्यांची बटणं, प्रत्येक दाबाला बोलतो, वायफायवरून इंटरनेट रेडिओही लावतो. वस्तू उत्तम. पण तो मुळात डेझी म्हणजे अंधांसाठीची बोलकी पुस्तकं वाचायला बनवलेला, आणि आयात करून घ्यायचा म्हटलं तर तुमच्या आठ हजारांत त्याचं स्वप्नही पडायचं नाही. सँजीनचा पीआर-डी१७ अंधांसाठीच बनवलेला आहे, मोठी बटणं, बोलतोही, पण तो एएम-एफएम. त्याच्यावर सोलापुरात बसून विजयवाडा कुठून लागणार? कारवां कुणीतरी सुचवेलच. बटणं छान आहेत त्याची, पण तो मुळात त्यात भरलेली गाणी आणि इथलं एफएम ऐकण्यासाठी.

मीडियम वेव्हचं सांगतो. रात्री या लहरी आकाशातल्या आयनांच्या थरावरून परत फिरतात म्हणून लांबची स्टेशनं लागायची. त्या आजही परत फिरतात, पण आपल्याच घरातले एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर एवढा खरखराट करतात की हैदराबादचा आवाज त्यात बुडून जातो. रात्री घरचा मेन स्विच बंद करून सेलवरचा ट्रान्झिस्टर लावून बघा, थोडा फरक ऐकू येईल. पण रोज तसं कोण करणार? तर इंटरनेटच बरं.

अलेक्साबद्दल माझं मत वाईट नाही, माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात आहे. पण नानांना परक्या भाषेत हुकूम पाठ करायला लावणं मला पटत नाही. त्यात दुपारी नातवंडं ओरडायला लागली, शेजारी माग सुरू झाला, की ते यंत्र भलतंच ऐकतं. फोनवरच्या गुगल असिस्टंटला मराठी-तेलुगू समजतं, पण पुन्हा फोन आला.

आणखी एक, ऑनलाइन जुना इंटरनेट रेडिओ स्वस्तात दिसला तर भुलू नका. यातले बरेच सेट स्टेशनांची यादी स्वतःजवळ ठेवत नाहीत, कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवरून आणतात. रेसिव्हा नावाची अशी सेवा होती, कितीतरी ब्रँडचे सेट तिच्यावर चालायचे. २०२१ च्या एप्रिलअखेर ती बंद झाली आणि धडधाकट सेट लोकांच्या घरात मुके झाले. शिवाय आकाशवाणीचे प्रवाह, म्हणजे नेटवरून येणारे स्ट्रीम, एचएलएस पद्धतीचे आहेत, पत्त्याच्या शेवटी एम३यू८ असतं. जुन्या सेटांना ते वाजवताच येत नाहीत.

आता तुम्ही काय करायचं ते. घरात जुना अँड्रॉइड फोन पडला असेलच. तो कपाटात चार्जरला लावून ठेवायचा, नानांनी त्याला हातसुद्धा लावायचा नाही. नानांच्या हातात फक्त ब्लूटूथ स्पीकर, आणि तो निवडताना आवाजाच्या गुणापेक्षा बटणं बघा. पुढचं गाणं, आवाज कमी-जास्त आणि चालू-बंद ही सगळी वेगवेगळी हवीत, दाबल्यावर 'कट' असं बोटाला कळणारी. बऱ्याच स्पीकरांत आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं की पुढचं गाणं लागतं. म्हाताऱ्या बोटांना तो हिशेब जमत नाही, ते नको. दुकानात डोळे मिटून बघा, उभ्या उभ्या समजेल. पुढच्या स्टेशनच्या बटणावर खड्याची टिकली चिकटवा, वरून फेव्हिक्विकचा थेंब.

फोनवर व्हीएलसी हे गाणी वाजवायचं फुकट ॲप टाका. त्यात स्टेशनांची एक प्लेलिस्ट करायची, आणि खरी गंमत इथं आहे. प्रत्येक स्टेशनच्या आधी तुमच्याच आवाजात रेकॉर्ड केलेली दोन सेकंदांची फाइल ठेवायची. "सोलापूर." मग सोलापूरचा प्रवाह. "हैदराबाद." मग हैदराबाद. नानांनी टिकलीचं बटण दाबलं की आधी लेकीचा आवाज नाव सांगणार, ते संपलं की स्टेशन आपोआप सुरू. हजारोंच्या यंत्रातही तेलुगू बोलणारा मेनू नसतो, इथं फुकटात होतो. यादी गोल फिरती ठेवा, म्हणजे शेवटानंतर परत पहिलं. मागचं बटण शिकवूच नका. ते दाबलं तर आधीचं स्टेशन लागायच्या ऐवजी त्याच स्टेशनचं नाव परत ऐकू येतं आणि माणूस गोंधळतो. पाच स्टेशनं पुरेत. जास्त केलीत तर पाचव्यावर चुकल्यावर परत सगळा फेरा मारावा लागेल.

नेट अडखळलं तर व्हीएलसी कधी कधी पुढच्यावर उडी मारतं, पण मग नाव ऐकू येत असल्यामुळे आपण कुठं आलो ते नानांना कळतं. फोनच्या सेटिंगमध्ये व्हीएलसीसाठी बॅटरी बचत बंद करायला विसरू नका, नाहीतर तासाभरानं फोन त्याला झोपवून टाकेल.

ओम_केगाव

काका, भारी आयडिया आहे. पण फोनपेक्षा रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक घ्या ना. पाय झीरो २ डब्ल्यू आणि एक यूएसबी नमपॅड, म्हणजे नुसत्या आकड्यांचा कीबोर्ड. त्यात एमपीडी हा प्लेअर टाकायचा, १ दाबलं की सोलापूर, २ दाबलं की हैदराबाद, डायरेक्ट. फेरा मारायची गरज नाही. नमपॅडवर ५ च्या बटणाला उंचवटा असतोच, त्यावरून बाकीची बटणं सापडतात. नाव बोलायला ईस्पीक एनजी हा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, त्यात मराठी, तेलुगू दोन्ही आहेत. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ताईंना फुकटात करून देईन.

ऑपरेटरकाका

ओम, एक बटण एक स्टेशन हे माझ्या पद्धतीपेक्षा चांगलं आहे, वाद नाही. पण ईस्पीकचा आवाज मी रोज ऐकतो. मला सवय आहे, नानांना तो माणसाचा वाटणारच नाही. त्याच्या जागी ताईंच्या आवाजाच्या फाइली टाक. दुसरं, आपल्याकडं लाइट कशी जाते तुला माहिती आहे. अचानक वीज गेली की त्याच्या मेमरी कार्डातली फाइल सिस्टिम बिघडते आणि सकाळी तो संगणक सुरूच होत नाही. आणि पुढच्या वर्षी तू नोकरीला पुण्याला जाशील, सगळीच जातात. मग ताईंनी कुणाला बोलवायचं?

ओम_केगाव

हा हा, पुण्याचं खरं आहे काका. कार्डाचं करता येतं पण. रास्पीकॉन्फिग या त्याच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली की कार्डावर काही लिहिलंच जात नाही, कितीही वेळा लाइट जाऊ दे. फक्त स्टेशन बदलायचं असेल तेव्हा ते बंद करून परत चालू करावं लागतं. कसं करायचं ते मराठीत लिहून डब्यात ठेवतो.

पद्मा_साखरपेठ

काका, ओम, दोघांचे आभार. आधी फोनवालं करून बघते, कारण फोन घरात आहे. तीन गोष्टी विचारायच्या होत्या. प्रवाहाचे पत्ते कुठून घ्यायचे? डेटा किती जातो, कारण महिनाअखेर कधी कधी वायफाय बंद पडून मोबाइलच्या नेटवर यावं लागतं. आणि लाइट गेल्यावर काय? स्पीकर चालेल, पण राउटर?

ऑपरेटरकाका

पत्त्यांसाठी रेडिओ ब्राउझर नावाची साइट आहे, लोकांनी मिळून चालवलेली, कुणा एका कंपनीची नाही. तिथं आकाशवाणीची स्टेशनं सापडतात. पत्ते अधूनमधून बदलतात हे धरून चाला. एखादं स्टेशन गप्प झालं तर स्पीकर बिघडला असं समजून दुकानात पळू नका, पत्ता बघा. फाइल साधी मजकुराचीच असते, ओळीला एक पत्ता. ओम, ताईंना एक नमुना पाठव.

डेटाचं गणित सोपं आहे. प्रवाह ६४ केबीपीएसचा असेल तर तासाला साधारण २९ एमबी, १२८ चा असेल तर त्याच्या दुप्पट. दिवसाचे दहा तास धरले तरी पहिल्या हिशेबानं ३०० एमबीच्या आत. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये आरामात बसतं.

राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. पण तुमचं वायफाय ज्या खांबावरच्या पेटीतून येतं तिथंच वीज नसेल तर यूपीएस काय करणार. म्हणून जुना एफएम ट्रान्झिस्टर टाकू नका. आकाशवाणी सोलापूर त्याच्यावर मिळतंच, आणि खरं तर सोलापूरसाठी मी आजही तोच लावतो. इंटरनेटवरून येणारा आवाज मागे असतो, कधी अर्धा मिनिट, कधी जास्त. बातम्यांच्या आधीची वेळेची पिप पिप ऐकून नानांना घड्याळ लावायची सवय असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

विशाल_होटगीरोड

माझ्या आजीसाठी पण हेच करतो आता. तिला कन्नड लागतं, कलबुर्गी आणि धारवाड. स्पीकर कुठला घेतला ते इथं टाका ताई.

पद्मा_साखरपेठ

स्पीकर साधाच घेतला, सतराशेचा, चार बटणं वेगवेगळी. सात रस्त्याजवळच्या दुकानात डोळे मिटून सगळी दाबून बघितली, दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. यादी झाली: सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा, पुणे. ओमने फाइल पाठवली. टिकली लावली आहे. नानांना बटण लगेच सापडलं. पण नावं माझ्या आवाजात नकोत म्हणतात, "मीच बोलतो." प्रत्येक नावाआधी त्यांना "नमस्कारम्" म्हणून निवेदकासारखं पूर्ण वाक्य बोलायचं आहे. काय करू?

ऑपरेटरकाका

बोलू द्या की! फक्त प्रत्येक फाइल पाच सेकंदांच्या आत आटपा. नाहीतर हैदराबाद शोधताना दर वेळी त्यांना स्वतःचं अख्खं निवेदन ऐकावं लागेल आणि तोवर बातम्यांचे मथळे निघून जातील. आणि रेकॉर्डिंग पंखा बंद करून करा.