संधी घटत असताना यश ‘निश्चित’ म्हणता येईल का?

प्रश्नकर्ता: पिशवीत एक पांढरा आणि एक काळा चेंडू आहे. न पाहता एक चेंडू काढायचा. पांढरा आला तर खेळ संपला, काळा आला तर तो परत ठेवून आणखी एक काळा चेंडू पिशवीत टाकायचा. म्हणजे पांढरा येण्याची संभाव्यता अनुक्रमे १/२, १/३, १/४ अशी घटत जाते. माझ्या मते प्रयत्नांना मर्यादा नसल्याने पांढरा चेंडू कधी ना कधी येणारच.

साशंक: हे कारण मला मान्य नाही. काळे चेंडू अधिक वेगाने वाढवून संभाव्यता १/४, १/९, १/१६ अशी ठेवली, तर प्रयत्न तितकेच अमर्याद राहतात; तरीही अपयशांच्या संभाव्यतांचा गुणाकार ३/४, २/३, ५/८ असा उतरत १/२ च्या खाली कधीच जात नाही. अर्धे खेळाडू कायमचे रिकाम्या हाताने राहतील.

गणिती: साशंक यांचा आक्षेप रास्त आहे, पण मूळ खेळाचे उत्तर त्याने बदलत नाही. तेथे १/२ × २/३ × ३/४ असा गुणाकार करताना मधले अंक छेदले जातात आणि प्रयत्नांची संख्या ‘न’ मानली तर तितक्या प्रयत्नांनंतरही अपयशी राहण्याची संभाव्यता १/(न+१) उरते, जी शून्याकडे जाते. फरक पडतो तो संभाव्यतांच्या बेरजेमुळे: १/२ + १/३ + १/४ … ही बेरीज अमर्याद वाढते (चौदाव्या शतकात निकोल ओरेम यांनी हे सिद्ध केले होते), तर १/४ + १/९ + १/१६ … ही सुमारे ०.६४५ वर थांबते.

साशंक: तरीही ‘निश्चित’ हा दावा मला फसवा वाटतो, कारण लागणाऱ्या प्रयत्नांची सरासरी अनंत आहे.

प्रश्नकर्ता: सरासरीवरून असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. निम्मे खेळ तर पहिल्याच प्रयत्नात संपतात! मोजक्या, अतिशय लांबलेल्या खेळांमुळे सरासरी फुगते.

साशंक: त्या लांबलेल्या खेळात आपणच अडकला आहात असे समजा. ९९ प्रयत्न फसले आहेत; आणखी १०० फसण्याची संभाव्यता १/२०० भागिले १/१००, म्हणजे तब्बल निम्मी आहे. तेही फसले, तर पुढच्या २०० प्रयत्नांबाबत हेच गणित पुन्हा लागू होते. अशा खेळाडूला आपण ‘यश निश्चित आहे’ असे कोणत्या अर्थाने सांगणार?