मामासाठी पॉवर व्हीलचेअर घ्यायचीय (एमएनडी) – आत्ता घ्यावी का आणि कुठल्या टाइपची?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझा मामा, वय 56, सांगलीत असतो, त्याला एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज, एएलएस) आहे, म्हणजे स्नायू हळूहळू लुळे पडत जाणारा आजार. पायापासून सुरुवात झाली, आता वॉकर धरून घरातल्या घरात कसाबसा फिरतो पण पडापडी सुरू झालीय आणि उजव्या हाताची पकडही गेल्यात जमा आहे, शर्टाची बटणं मामी लावते. मामीची स्वतःची कंबर धरलेली, साधी व्हीलचेअर ढकलणं तिला होत नाही. मी पुण्याला असतो, महिन्याकाठी जाऊन येतो.

इथल्या एका दुकानदाराने फोल्डिंगची बॅटरीवाली चेअर दाखवली, साधारण 70 हजार, हलकी आहे, डिकीत बसते म्हणे. दुसरीकडे न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणतोय की तिकडे वापरलेल्या भारी चेअर स्वस्तात मिळतात, एक पाठवून देतो. बजेट ओढूनताणून दीड लाख. घर तळमजल्यावर, पण दारात दोन पायऱ्या आणि आत प्रत्येक खोलीला उंबरठा.

आणि मुख्य अडचण म्हणजे मामा ऐकतच नाही. "अजून पाय आहेत की मला" एवढंच म्हणतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. काय करावं?

चहाबाज
बाबांना हाच आजार होता त्यामुळे लिहितोय. फोल्डिंगवाली लगेच बुक करू नका. ती खुर्ची वाईट नाही, पण ती ज्याचे हात आणि मान धड आहेत आणि फक्त पाय गेलेत अशा माणसासाठी आहे. एमएनडीमध्ये आज जॉयस्टिक धरणारा हात उद्या धरेलच असं नाही, आणि तुमच्या मामाचा उजवा तर आत्ताच निकामी होत चाललाय. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा नाही, हा विचारा की जॉयस्टिक डावीकडे लावून मिळेल का, आणि पुढे दोन्ही हात थकले तर मागून दुसऱ्या माणसाला चालवता येईल असा अटेंडंट कंट्रोल ह्याच खुर्चीला बसतो का. बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये कंट्रोलर (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असा असतो की त्याला दुसरं काहीही जोडता येत नाही, मग अख्खी खुर्चीच बदलायची वेळ येते. आमच्याकडे शेवटी शेवटी आई मागून चालवायची आणि बाबा पुढून सूचना द्यायचे, "डावीकडं घे, कुंडी आहे" वगैरे, ड्रायव्हिंग स्कूलच उघडलं होतं.

मानेचंही बघा. मान ढिली पडली की सरळ पाठीच्या खुर्चीत डोकं छातीवर येतं, त्याने गिळायलाही त्रास आणि श्वासालाही. हेडरेस्ट नंतर लावता येतं का विचारून घ्या.

मामाच्या नकाराबद्दल – त्याला "चालणं बंद कर" असं ऐकू येतंय. बाबांना आम्ही सांगितलं की वॉकर सोडू नका, बाथरूमपर्यंत पायांनीच जा, पण बाहेर जायला ही घ्या, म्हणजे पायातली ताकद जिथे लागते तिथे उरेल. आणि हे खरंच आहे, ह्या आजारात थकेपर्यंत चालून स्नायू बळकट होत नाहीत, उलट संध्याकाळपर्यंत माणूस गळून जातो आणि पडतो. पहिल्यांदा बाबा खुर्ची घेऊन एकटे कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेले आणि आम्हाला न सांगता भजी खाऊन आले. त्यानंतर खुर्चीला कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही.

ओटी_मुलुंड
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. वर चहाबाज यांनी कंट्रोलचं लिहिलंय ते अगदी बरोबर, थोडी भर घालते.

दुकानात "रिक्लायनिंग आहे" असं सांगतात तेव्हा नीट बघा. रिक्लाइनमध्ये फक्त पाठ मागे जाते आणि पेशंट हळूहळू पुढे घसरतो, मग त्याला बगलेत धरून वर ओढायचं काम मामीचं. टिल्टमध्ये बसायची सीट आणि पाठ दोन्ही एकत्र मागे कलतात, बसण्याचा कोन तोच राहतो, घसरत नाही, पार्श्वभागावरचा भार पाठीवर जातो. एमएनडीवाल्याला टिल्ट जास्त उपयोगाचं, कारण त्याला संवेदना शाबूत असते, दुखतं सगळं, पण स्वतःहून कूस बदलता येत नाही. टिल्टवाल्या खुर्च्या महाग पडतात, दीड लाखाच्या वर जाऊ शकतात, पण पैसे घालायचे तर तिथे घाला, पुढच्या लाइट आणि हॉर्नवर नको. सोबत चांगली कुशन घ्या, खुर्चीबरोबर येणारा फोमचा तुकडा म्हणजे कुशन नव्हे.

जॉयस्टिकची मूठ बदलता येते. टोकावरची छोटी गोळी धरता येईना झाली की स्पंजचा बॉल भोक पाडून त्यावर बसवतात, किंवा यू आकाराची मूठ लावतात ज्यात पंजा नुसता ठेवला तरी चालतं, पकडावं लागत नाही. थंडीत सकाळी बोटं आखडतात तेव्हा ह्याचा फार फरक पडतो. जॉयस्टिक बाजूला वळणारी असेल तर टेबलाखाली खुर्ची जाते, जेवायला सगळ्यांबरोबर बसता येतं.

माप घेताना मामाला कडक स्टुलावर बसवा, कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभं धरा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. त्यापेक्षा सीट इंचभरच जास्त हवी. सैल खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो. शक्य असेल तर मुंबईत हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये एकदा दाखवा, सरकारी आहे. आणि ट्रायल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, ट्रायल घरीच, शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच खुर्च्या पळतात.

पंचगंगा_एक्स्प्रेस
भावा, सांगली म्हणतोयस आणि तळमजला म्हणतोयस, पुराचं बघितलंस का? 2019 आणि 2021 ला काय झालं आपल्याला ठाऊक आहे. टिल्टवाली चेअर 60-70 किलोच्या पुढं जाती, वर चढवायला चार गडी लागत्यात आणि बॅटरी-मोटरमधी पाणी गेलं की संपलं. घर पूरपट्ट्यात असंल तर इशारा आला की आधी मामाला आन खुर्ची दोन्ही नातेवाइकाकडं हलवायचं हे आत्ताच ठरवून ठेवा, पाणी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला लागल्यावर नको.

दोन पायऱ्या म्हणजे फूटभर उंची धर, त्याला बारा फूट लांब रॅम्प पायजे, एकास बारा असा उतार. गवंडी म्हणंल पाच फुटात करून देतो, ऐकू नको, खुर्ची मागं कलंडती. अंगणात जागा नसंल तर एल आकारात घ्या. उंबरठे सरळ काढून टाका, मामी कुरकुरंल पण काढा.

आणि महापालिकेचा 5 टक्के दिव्यांग निधी असतोय, त्यात अर्ज टाकून ठेव.

हिशोबनीस
कागदपत्रांचं सांगतो. आधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), स्वावलंबन पोर्टलवर अर्ज आणि मग सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन न्यूरॉलॉजिकल आजार आहेत, त्यामुळे एमएनडी अडत नाही. आजार वाढत जाणारा आहे हे सर्टिफिकेटवर नमूद होतंय का बघा, पुढे दिव्यांगत्वाचे टक्के वाढवून घेताना सोपं जातं.

केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी) अलिम्को ह्या सरकारी कंपनीच्या शिबिरांत साहित्य मिळतं, उत्पन्नाची अट आहे. तिथे बहुतेकदा बॅटरीवाली तीनचाकी देतात, तिला हँडल दोन्ही हातांनी धरावं लागतं, म्हणजे तुमच्या मामाला कामाची नाही. फुकट मिळतेय म्हणून घेऊन अंगणात गंजवू नका, जॉयस्टिकची व्हीलचेअर मिळेल का ते विचारा.

इन्कम टॅक्समध्ये मामा स्वतः रिटर्न भरत असेल तर 1961 च्या कायद्यातलं कलम 80यू, नाहीतर मामी किंवा त्यांच्या मुलांना 80डीडी. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 75 हजार आणि 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख वजावट, फक्त जुन्या रेजीममध्ये. भाच्याला मिळत नाही, तुम्ही पैसे घातले तरी.

एडिसनकर
न्यू जर्सीहूनच लिहितेय. मावसभावाला प्रेमाने नाही म्हणा. इथल्या ह्या खुर्च्या सव्वाशे-दीडशे किलोच्या असतात, इथल्या रुंद दारांसाठी आणि रॅम्पवाल्या व्हॅनसाठी बनवलेल्या. शिपिंग, कस्टम्स, बॅटरीची भानगड, हे सगळं करून तिथे पोचली आणि कंट्रोलर गेला तर सांगलीत पार्ट कोण देणार? चार्जर 110 व्होल्टचाच निघाला तर अजून वेगळी गंमत. त्याला मदतच करायची असेल तर तेवढे पैसे पाठव म्हणावं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी डॉक्टरनेही सांगितलं नव्हतं. मामीला फोनवर वाचून दाखवलं, तिने लगेच टेप काढून दारं मोजली. खोल्यांची 33 इंच आहेत, बाथरूमचं मात्र 24. घर पुराच्या पट्ट्यात नाही पण 2019 ला दोन गल्ल्या अलीकडेपर्यंत पाणी होतं, त्यामुळे तेही डोक्यात ठेवतोय. फोल्डिंगवाल्याला नाही कळवलं, मावसभावाशी बोललो, तो पैसे द्यायला तयार आहे, म्हणजे टिल्टवाली बसेल असं दिसतंय. मामाला अजून खुर्चीचं बोललो नाही, भज्यांचं तेवढं सांगितलं, हसला.

बाथरूमचं दार मोठं करून घ्यावं का? भिंत फोडावी लागेल.

ओटी_मुलुंड
भिंत फोडू नका एवढ्यात. पॉवर चेअर बाथरूममध्ये न्यायचीच नसते, पाणी लागलं की मोटर आणि जॉयस्टिक दोन्ही जातात. चाकांची शॉवर कमोड चेअर वेगळी घ्या, पाच-सात हजारांपासून मिळते आणि अरुंद असते, 24 मधून जाईल असं मॉडेल मापून घ्या. खुर्चीवरून तिच्यावर बसवायला ट्रान्सफर बेल्ट लागेल, तो कसा वापरायचा हे तुमच्या फिजिओकडून मामीला समोर उभं राहून शिकवून घ्या, तिच्या कंबरेसाठी. आणि पॉवर चेअरची बॅटरी कुठली आहे ते विचारा, लेड ॲसिड असेल तर रोज रात्री चार्जला लावायची, उतरलेली तशीच ठेवली तर लवकर मरते.