‘बाऊ’ करणाऱ्या एका सिस्टरचं उत्तर

तिसरी_पाळी:
भूलवाले_डॉक्टर यांनी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं की, हॉस्पिटलातल्या गॅस-औषधांनी गर्भ जातो म्हणत सिस्टर लोकांनी वासांचा उगाच बाऊ केलाय, शंभरात १०-१५ गर्भपात तसेही होतात, मी २७ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, आहे आणि माझी दोन्ही मुलं ठणठणीत आहेत. खाली टाळ्यांचा नुसता पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

डॉक्टर, तुमची मुलं ठणठणीत आहेत याचा आनंदच आहे. पण ती तुमच्या पोटात नव्हती.

२०११ मध्ये मी केमोच्या, म्हणजे कॅन्सरच्या औषधांच्या, वॉर्डात होते. औषध बंदिस्त जागेत भरायचं कॅबिनेट वगैरे काही नाही. ट्रीटमेंट रूमचं टेबल, वर ट्यूबलाइट, आणि पंखा बंद, कारण पावडर उडते. सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधाची व्हायल (बाटली) विरघळता विरघळत नाही, हलवून हलवून मनगट दुखतं. आत दाब धरलेला असतो, सुई काढली की फुस्स करून बारीक फवारा हातावर. सलाइनचा सेट भरताना नळीतली हवा काढायला पुढचे चार थेंब किडनी ट्रेत सोडायचे, ते थेंब औषधाचेच. अंगावर साधे ग्लोव्ह्ज आणि कापडी मास्क. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. आठव्या आठवड्यात आणि अकराव्या.

केमोमुळेच गेलं असं मी म्हणत नाही, तुम्ही म्हणायच्या आत सांगते. पण ‘सिस्टर, तुम्ही कुठल्या वॉर्डात काम करता’ हा प्रश्न दोन्ही वेळा एकाही डॉक्टरने विचारला नाही. घरी किती जिने चढता ते मात्र विचारलं. फिनलंडच्या नर्सेसवर १९८५ मध्ये अभ्यास झाला, अमेरिकेतल्या नर्सेसवर २०१२ मध्ये. दोन्हीकडे केमो हाताळणाऱ्यांत गर्भ जाण्याचं प्रमाण दुपटीच्या घरात. बाऊ तिथल्या बायकाही करतात वाटतं.

भूलवाले_डॉक्टर:
सिस्टर, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण दुःख म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिकेचा अभ्यास नर्सेसनी मागचं आठवून भरलेल्या फॉर्मवर उभा आहे. जिचं मूल गेलं ती बारीकसारीक आठवते, जिचं झालं ती विसरते. भुलीच्या गॅसची सगळी भीती १९६७ च्या एका रशियन निबंधातून आली. ३१ गरोदरपणं, त्यातले १८ गर्भपात, आणि तुलनेला कुणी नाही! त्यावर जगभर बोंब. तेव्हा हॅलोथेन हा भुलीचा गॅस उघड्यावर सोडत होते. आज तसं काही राहिलेलं नाही.

आणि ‘तुमच्या पोटात नव्हती’ हा टोमणा अनावश्यक होता.

मंजिरी_के:
टोमणा आवश्यक होता. +१.

ऑटोक्लेव्ह_भाऊ:
सीएसएसडीत, म्हंजे हॉस्पिटलचं सामान निर्जंतुक करत्यात तिथं, हाय म्या, लातूरकडचा. ईटीओच्या, म्हंजे जंतू मारायच्या इथिलीन ऑक्साइड गॅसच्या, मशिनवर ९ वर्षं. आमचे साहेब म्हणायचे, वास येतोय का? न्हाई ना? मग सेफ हाय. आता आमची मर्यादा १ पीपीएम, म्हंजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, अन् ईटीओचा वास माणसाला कळतो तो काहीशे पीपीएमला. म्हंजे वास आला तवा उशीर झालेला असतो, अन् न्हाई आला तर काहीच कळत न्हाई.

सामानात मुरलेला गॅस निघून जायला एअरेशन ५० डिग्रीला १२ तास द्यायचं असतं. पण सर्जनला सकाळी कॅथेटर पायजे. मग पाच-सहा तासांत पाकिटं बाहेर, अन् ती मोजून कपाटात लावणारी पोरगी कोण? २२ वर्षांची, कंत्राटी. फिनलंडचंच १९८२ चं हाय : गरोदरपणात निर्जंतुकीकरणाच्या कामावर होत्या त्यांच्यात १६.७ टक्के गर्भपात, नव्हत्या त्यांच्यात ५.६. डॉक्टर म्हणतील जुनं हाय. साहेब, आमची मशीन बी जुनीच हाय.

जाता जाता : माझ्या लग्नाला ७ वर्षं झाली. तपासण्या सगळ्या बायकोच्या. मला कुणी विचारलं न्हाई मी काय काम करतो ते.

आक्का_इन्चार्ज:
सगळे केमो-केमो करताय, आता खरं दुखणं ऐका. वॉर्डात पाच सिस्टर. दोघी गरोदर, त्यांना लाइट ड्यूटी म्हणजे टेबलावर रजिस्टर. उरलेल्या तिघींनी पंचवीस पेशंटची औषधं लोड करायची. ‘तुला काय अडचण आहे, तू कुठे प्रेग्नंट आहेस’ हे वाक्य मी चार वर्षं ऐकलं. त्या चार वर्षांत आम्ही मुलासाठी प्रयत्न करत होतो. हे मेट्रनला कुठल्या तोंडाने सांगायचं? महिन्याच्या महिन्याला नोटीस बोर्डावर लावायचं का?

तिसरी_पाळी, तुझ्यासारख्या पोरी हक्क मागतात, पण तुमचा हक्क शेवटी आमच्या हातावर सांडतो.

तिसरी_पाळी:
आक्का, मी लाइट ड्यूटी मागितली कुठे? मला मिळालीच नव्हती! माझ्यावर का घसरताय?

आक्का_इन्चार्ज:
तुझ्यावर नाही. पण अशा धाग्यांवर दरवेळी गरोदर बाईची दया, आणि जिला राहतच नाही ती वाऱ्यावर.

कलमबहाद्दर:
मातृत्व लाभ कायदा, १९६१; नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा, जुनं कलम ९. जुन्या कलम ४ प्रमाणे गरोदर स्त्रीने मागणी केल्यास कष्टाचं काम देता येत नाही. कायदा आहे, वाचत कुणी नाही.

मंजिरी_के:
तुम्ही तरी वाचा हो. कष्टाच्या कामाची ती सवलत बाळंतपणाच्या आधीच्या सहा आठवड्यांची आणि त्याच्या आधीच्या एका महिन्याची. म्हणजे पोट दिसायला लागून युग लोटलं की. अवयव बनतात ते पहिल्या तीन महिन्यांत, त्यातलेही पहिले काही आठवडे बाईला स्वतःलाच पत्ता नसतो. आक्का बोलतात तो मुद्दा कडू आहे, पण बरोबर आहे. गरोदर कळल्यावर हलवणं म्हणजे घोडं गेल्यावर तबेल्याला कुलूप. औषध कॅबिनेटमध्येच लोड झालं, तर कुणालाच हलवायला नको.

भूलवाले_डॉक्टर:
कॅबिनेट ठीक, पण खर्च कोण करणार? वीस खाटांच्या नर्सिंग होमने? मग केमोच बंद करतील, पेशंट जाईल मुंबईला. हे कुणी बोलत नाही.

नर्मदाकाठची:
आणि मावशींबद्दलही कुणी बोलत नाहीये. केमोच्या पेशंटच्या लघवीत औषध दोन दिवस येत राहतं. बेडपॅन कोण उचलतं? आमच्या मजल्यावरच्या मावशी ग्लोव्ह्ज धुऊन वाळत घालायच्या, कारण रोज एकच जोडी मिळायची. त्यांच्यावर फिनलंडमध्ये काय, कुठेच अभ्यास झालेला नसणार.

परदेशी_बेळगावकर:
इकडे इंग्लंडात नर्स आहे. सगळं आलबेल समजू नका. २०२२-२३ मध्ये इथल्या काही प्रसूतिगृहांनी कळांसाठीचा गॅस काही काळ बंदच ठेवला, कारण खोल्यांत नायट्रस ऑक्साइड, भुलीला वापरतात तोच गॅस, मर्यादेबाहेर सापडला. सापडला, कारण मोजला. बाळंतिणी चिडल्या ते वेगळं.

तिसरी_पाळी:
हेच! कॅथलॅबच्या (हृदयाच्या एक्स-रे तपासणीच्या खोलीतल्या) टेक्निशियनच्या खिशाला किरणं मोजणारा टीएलडी बॅज असतो, तीन महिन्यांनी वाचायला जातो. ती गरोदर आहे असं कळवलं की पोटातल्या बाळासाठी किरणांची १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा लागू होते. तिला कुणी म्हणत नाही की बाऊ करतेस. आमच्या हातावरच्या फवाऱ्याला बॅज नाही, म्हणून तो नाहीच का?

आणि डॉक्टर, नायट्रसचं निघालंय तर १९९२ चा डेंटल असिस्टंटांचा अभ्यास आठवा. गॅस ओढून घेणारी सोय नसलेल्या खोलीत आठवड्याला पाच तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना दिवस राहायलाच फार वेळ लागत होता. तो काही रशियन नव्हता. तुमच्या ओटीत भुलीच्या मशीनची ती गॅस ओढून नेणारी नळी कुठे जाते, सांगाल?

भूलवाले_डॉक्टर:
भिंतीतल्या पॉइंटला जाते. अजून कुठे जाणार? आणि तो अभ्यास माहीत आहे मला. सोय असलेल्या खोल्यांत फरक दिसला नव्हता, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

तिसरी_पाळी:
गाळलं नाही. तेच तर विचारतेय, सोय जोडलेली आहे का. स्वतः पाहिलंय, की जाते असं वाटतंय?

भूलवाले_डॉक्टर:
उद्या टॉर्च घेऊन मशीनच्या मागे शिरतो. झालं समाधान?

ऑटोक्लेव्ह_भाऊ:
फोटू टाका साहेब.

भूलवाले_डॉक्टर:
पाहिली. नळी पॉइंटला जोडलेली नव्हती. गुंडाळी करून मशीनच्या मागच्या दांडीला चिकटपट्टीने बांधली होती, पट्टीवर धूळ होती. टेक्निशियन म्हणाला, ट्रॉली हलवताना अडकते म्हणून ‘आधीपासूनच’ तशी आहे. आज जोडून घेतली. यावरून कुणाचाही गर्भपात सिद्ध होत नाही, हे पुन्हा सांगतो.

मंजिरी_के:
२७ वर्षं ना?

भूलवाले_डॉक्टर:
या ओटीत सहा. आणि हो, माझ्या सर्क्युलेटिंग सिस्टरला, म्हणजे ओटीत सामान आणून देणाऱ्या सिस्टरला, पाचवा महिना आहे. तिला मी अजून काही बोललेलो नाही.

आक्का_इन्चार्ज:
तिला सांगा. आणि तिच्या जागी उद्या कोणाला उभी करणार आहात, तेही इथेच लिहा.