मदत हवी आहे: लेसर मशीनची प्रोटेक्शन काच सारखी जळतेय

मंडळी नमस्कार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं शेड आहे, पत्रा कापायचं ३ किलोवॅटचं फायबर लेसर. उन्हाळाभर तक्रार नव्हती. पाऊस लागल्यापासून कटिंग हेडची खालची प्रोटेक्शन काच (आतल्या लेन्सला ठिणग्या-धुरापासून वाचवणारी) चार-पाच दिवसांत जातेय. काढून उजेडात धरली की मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका आणि कडेला तेलकट ओघळ. ६ एमएमच्या एमएस (साध्या लोखंडी) पत्र्याला खाली बर (कडेला चिकटून राहणारा वितळलेला धातू) येतोय, ग्राइंडरवर बसणारा पोरगा वैतागलाय.

नोझल बदललं. नोझलला टेप लावून शॉट मारून किरणाचं सेंटर बघितलं, बरोबर मधे आहे. माझा संशय हवेवर. पातळ पत्रा आम्ही कॉम्प्रेसरच्या हवेवर कापतो, आणि हवा सुकवणारा ड्रायर असूनही फिल्टरच्या वाटीत रोज पाणी साचतं. सर्व्हिसवाले म्हणतात काच बदला, एवढंच!

चिलर (मशीनला थंड पाणी पुरवणारा) २२ डिग्रीवर आहे. बेळगावच्या या दमट हवेत हेडला आतून घाम सुटत असेल का? हेडचं पाणी २८-३० वर नेलं तर चालेल? मच्छे, निपाणीकडं कुणी हवेवर कापत असेल तर फिल्टर कसले लावता, किती दिवसांनी बदलता तेवढं सांगा. आणि हो, काच बदलताना धूळ बसू नये म्हणून पंखा बंद करतो, त्यावरून शिव्या नकोत.