पाहिलं एक, कळलं भलतंच : प्राणी-पक्ष्यांचे तुमचे अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबायला लागली. पिवळ्या डोक्याचा पक्षी गवताची पाती आणून विणत बसलेला. आईला म्हटलं, "बघ, किती कष्टाळू सुगरण!" नंतर कळलं, तो नर. घरटं अर्धं झालं, हेल्मेटसारखं दिसायला लागलं, की तो पंख फडफडवून मादीला बोलावतो. बाई येतात, आत डोकावतात, पसंत नसेल तर चालत्या होतात. पसंत पडलं तर नर उरलेलं विणतो आणि मग दुसरं घरटं, दुसरी मादी! आमच्या बाभळीवर नापसंतीची चार अर्धवट घरटी अजून लोंबताहेत. नाव मात्र सुगरण.

तुमचं असं काही? ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं लिहा.

---

कोकिळेचंही तेच की. पहाटे साडेचारला "कुहू कुहू" करून झोप उडवणारा काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. मी तिला वर्षभर ससाणा समजत होते.

---

आमच्या बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून कमरेएवढे उभे राहिले होते. आजी ओरडली, "नाग-धामणीचं लगीन! कोरं उपरणं टाका!" ते उपरणं घरात ठेवलं की बरकत येते म्हणे. काकांनी लांबूनच भिरकावलं, मी मोबाइलवर शूटिंग केलं. पुढे एका सर्पमित्राला ते दाखवलं तर तो हसायलाच लागला. दोन्ही धामणच, आणि दोन्ही नर! धामण म्हणजे नागाची मादी नव्हे. ती जातच वेगळी, बिनविषारी, तिच्यात नर-मादी दोन्ही. विणीच्या काळात नरांची अशी कुस्ती लागते. समोरच्याचं डोकं खाली दाबलं की जिंकलं. म्हणजे आम्ही लग्नाचा आहेर चक्क आखाड्यात टाकला होता. उपरणं आजीच्या ट्रंकेत घडी घालून आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

---

मार्चमध्ये वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली. लेकीने विचारलं, "यात मुलगे किती?" आम्ही हसलो, पण तिथल्या कार्यकर्त्याने नीट उत्तर दिलं. अंडी घातली तेव्हा ते ठरलेलंच नसतं. ४५ ते ६० दिवस अंडी वाळूत असतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. परतताना लेक वाळूला हात लावून बघत होती.

---

मेलबर्नहून लिहितोय. इथला मॅगपाय म्हणजे कावळ्याएवढा काळा-पांढरा पक्षी. वर्षभर गोड गातो, सप्टेंबरात घरट्यात पिल्लं असली की मागून येऊन हेल्मेटवर टोचा मारतो. हल्ला करणारे बहुतेक नरच. चेहरे लक्षात ठेवतात. शेजारीण त्याच झाडाखालून निवांत जाते, मला सोडत नाही. इथे बरेच जण लावतात तसे मीही हेल्मेटला केबल टाय उभे लावलेत. साळिंदर दिसतो मी.

---

मेलबर्नकर, नागपुरातही तेच! मे महिन्यात पडलेलं कावळ्याचं पिल्लू उचलून भिंतीवर ठेवलं, एवढाच माझा गुन्हा. नंतर गेटबाहेर पडलो की टोच, तीही फक्त मलाच. शेवटी बायकोची ओढणी डोक्यावर घेऊन स्कूटर काढायला लागलो. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी ओढणीवर टोच.