परदेशी बदलीचे पत्र हाती आल्यावर आधी काय मागावे : पैसे की व्हिसाची खात्री?

धागाकर्ता : परतवाट

कंपनीच्या एका देशातील कार्यालयातून दुसऱ्या देशातील कार्यालयात बदली होताना बहुतेक जण पगार, विमानाची तिकिटे, सामानाचा कंटेनर आणि सुरुवातीचे घरभाडे एवढ्यावरच घासाघीस करतात. व्हिसा हा वकिलांचा विषय आहे असे समजून त्याबद्दल ते एक प्रश्नही विचारत नाहीत. माझे मत याच्या नेमके उलट आहे. व्हिसाचा प्रकार, नोकरी गेल्यास परतीचा खर्च आणि दिलेल्या पैशांच्या परतफेडीची अट या तीन गोष्टींवर आधी बोलावे. पगाराचा आकडा त्यानंतर आला तरी काही बिघडत नाही.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. माझी बदली अमेरिकेत एल-१बी व्हिसावर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर झाली. चौघांची तिकिटे, सामानाची वाहतूक, दोन महिन्यांचे तात्पुरते घर आणि वर एकरकमी भत्ता असे पॅकेज होते आणि मी त्यावर खूश होतो. चौदाव्या महिन्यात आमचा अख्खा विभाग बंद झाला. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून ६० दिवस मोजले, कारण २०१७ पासूनच्या नियमानुसार नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त तेवढाच अवधी मिळतो, आणि मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढाही मिळत नाही. साठावा दिवस जिथे आला, तिथून मुलीच्या शाळेचे सत्र संपायला आणखी तीन आठवडे होते. एल-१ व्हिसा त्या एकाच कंपनीशी बांधलेला असतो. दुसरीकडे जायचे तर माझ्यासारख्याला एच-१बी, म्हणजे कुशल नोकरीसाठीचा, सोडतीने मिळणारा व्हिसा हाच सरळ मार्ग होता आणि त्याची त्या वर्षीची सोडत होऊन गेली होती.

परतीची तिकिटे मी काढली आणि सामान परत आणण्याचे पैसेही मीच भरले, कारण पत्रात परतीविषयी अवाक्षर नव्हते. एच-१बी असता तर मुदतीआधी काढून टाकल्यावर निदान कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या परतीचा वाजवी प्रवासखर्च देण्याचे कायदेशीर बंधन कंपनीवर असते; एल-१ ला असे बंधन नाही, हे मला तेव्हा कळले. सगळ्यात जिव्हारी लागली ती परतफेडीची अट. ‘२४ महिन्यांच्या आत कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास स्थलांतराचा खर्च त्या प्रमाणात परत करावा’ असे पत्रात होते. ‘कोणत्याही कारणाने’ हे दोन शब्द मी वाचले होते, पण ते माझ्या राजीनाम्याविषयी आहेत असे धरून चाललो होतो. शेवटच्या हिशेबात उरलेल्या १० महिन्यांचा हिस्सा कापून घेतलेला होता.

आणखी एक गोष्ट बोचते. बदलीपूर्वी माझ्या हाताखाली सहा अभियंते होते, त्यांच्या नेमणुका आणि पगारवाढी मी ठरवत असे, आणि तिकडेही तेच काम करायचे होते. तरीही अर्ज ‘विशेष ज्ञान असलेला कर्मचारी’ म्हणून, म्हणजे एल-१बी खाली गेला. एल-१बी ची कमाल मर्यादा ५ वर्षांची, तर व्यवस्थापकांसाठीच्या एल-१ए ची ७ वर्षांची. शिवाय बहुराष्ट्रीय व्यवस्थापकांना ग्रीन कार्डचा असा मार्ग खुला असतो, ज्यात श्रम खात्याच्या प्रमाणपत्राची पायरी लागत नाही. अर्जातील कामाचे वर्णन मला एकदा तरी वाचायला द्या, एवढेच मी मागायला हवे होते. मी विमानतळावरून घरी न्यायला गाडी मागितली.

प्रतिसाद : सडेतोड

आपल्यावर जे आले ते वाईटच झाले, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपला व्हिसा एल-१ए असता तरी विभाग बंद झाल्यावर आपल्याला ६० दिवसच मिळाले असते आणि परतीचा खर्चही आपल्याच खिशातून गेला असता. म्हणजे ज्या गोष्टीला आपण पहिले स्थान देता, तिने आपल्यावरचे संकट टळले नसते.

दुसरे असे की व्हिसाचा प्रकार ही वाटाघाटीची वस्तूच नव्हे. तो कायदा ठरवतो, कंपनीचा वकील सुचवतो आणि व्हिसा अधिकारी मान्य किंवा अमान्य करतो. सरकारपुढे कंपनीचे आश्वासन किती टिकते, हे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वांनी पाहिले. अमेरिकेबाहेरील उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरचा भरणा आला आणि तो घोषणेनंतर अवघ्या दोन दिवसांत लागू झाला. अशा वातावरणात ‘पुढे ग्रीन कार्ड करू’ हे वाक्य पत्रात लिहून घेतले तरी त्याला कितीसे मोल राहील?

म्हणून मी पैशांच्या बाजूचा आहे. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम खात्यात असेल, तर साठ दिवसांचे कॅलेंडर माणसाला एवढे घाबरवत नाही. बदलीची गरज कंपनीला असते तेव्हाच चार पैसे जास्त मिळतात. तो एकच क्षण वकिली शब्दांवर खर्च करू नये.

प्रतिसाद : टेबलापलीकडून

मी अनेक वर्षे मनुष्यबळ विभागात परदेशी बदल्यांचे काम केले आहे, त्यामुळे समोरच्या बाजूने हे कसे दिसते ते सांगतो.

पैशांच्या बाबतीत आमचे हात सर्वांत जास्त बांधलेले असतात. तिकडच्या कार्यालयात प्रत्येक श्रेणीची वेतनमर्यादा ठरलेली असते, आणि एका बदलीसाठी ती ओलांडली तर त्याच पदावरचे तिथले चार जण दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतात. उलट ‘कोणत्याही कारणाने’ याऐवजी ‘कर्मचाऱ्याने स्वेच्छेने राजीनामा दिल्यास’ असे लिहायला कंपनीला त्या दिवशी एक पैसाही लागत नाही. मी असे बदल अनेकदा एका ईमेलवर मंजूर करून घेतले आहेत. मात्र दहांतले नऊ जण ते मागतच नाहीत.

व्हिसाचा प्रकार मागता येत नाही, हे सडेतोड यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. खोटे वर्णन लिहून एल-१ए मिळवता येत नाही आणि कुणी तसे सुचवले तर त्या वाटेला जाऊ नये. पण एकाच कामासाठी दोन कायदेशीर मार्ग उपलब्ध असतात, असे प्रसंग पुष्कळ येतात. ब्रिटनचे उदाहरण घ्या. कंपनीअंतर्गत बदलीसाठी एप्रिल २०२२ पासून ‘सीनियर ऑर स्पेशालिस्ट वर्कर’ हा मार्ग आहे आणि त्यावर कितीही वर्षे काढली तरी कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. ‘स्किल्ड वर्कर’ या मार्गावर तो मिळू शकतो. काम आणि पगार दोन्हींच्या अटींत बसत असेल, तर कोणता अर्ज करायचा हे बऱ्याचदा केवळ सवयीने ठरते. पहिल्या मार्गाला इंग्रजीची परीक्षा लागत नाही, म्हणून तो सोयीचा वाटतो आणि कागद त्याच रस्त्याने पुढे सरकतात. कर्मचाऱ्याने वेळीच विचारले, तर रस्ता बदलता येतो. तिथे पोचल्यावर विचारले, तर नवा अर्ज, नवे शुल्क आणि नवी प्रतीक्षा.

शुल्कावरून आठवले. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जदाराकडून घेतला जाणारा आरोग्य अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांसाठी ७७६ पौंड असा झाला. पती, पत्नी आणि एक मूल पाच वर्षांसाठी जात असतील तर हा आकडा १४,२३० पौंडांवर जातो आणि तो सगळा अर्जासोबतच भरावा लागतो. ‘व्हिसाचा खर्च कंपनी करील’ या वाक्यात हा अधिभार येतो का आणि कुटुंबाचाही येतो का, हे पत्रात लिहिलेले नसेल तर तो येत नाही असे समजून चालावे.

प्रतिसाद : सोबतीण

वरच्या तिघांनी एवढे लिहिले, परंतु बरोबर जाणाऱ्या जोडीदाराला तिकडे काम करता येईल का, हा प्रश्न कुणालाच सुचला नाही, याचे मला वाईट वाटते. माझ्या पतीची बदली झाली तेव्हा मी बारा वर्षे नोकरीत होते. ते एच-१बी वर आणि मी एच-४ वर, म्हणजे एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर गेलो आणि पुढची तीन वर्षे मला काम करता आले नाही, कारण मुख्य व्हिसाधारकाची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचल्याशिवाय त्या व्हिसावर कामाचा परवाना मिळत नाही. कंपनीने देऊ केलेली पगारवाढ माझ्या बुडालेल्या पगाराच्या निम्मीही नव्हती. तो हिशेब आम्ही कागदावर मांडला, तोही तिकडे गेल्यानंतर सातव्या महिन्यात.

एल-१ धारकांच्या जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्यासाठी थांबावे लागत नाही. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा परवाना) जोडीदारालाही काम करण्याची मुभा आहे. म्हणजे व्हिसाचा प्रकार हा घरातल्या दुसऱ्या पगाराचाही प्रश्न असतो आणि म्हणून तो पैशांचाच प्रश्न आहे. सडेतोड यांनी सहा महिन्यांच्या खर्चाचा आकडा काढताना घरात एक पगार धरला होता की दोन, हे सांगावे.

प्रतिसाद : सडेतोड

एकच धरला होता, आणि ती माझी चूक आहे. जोडीदाराच्या कामाचा मुद्दा मी मान्य करतो. परंतु रोख रकमेवरचा माझा भर कायम आहे. कंपनीने निवडलेला सामानवाहक आणि कंपनीने ठरवलेले घर घेण्यापेक्षा तेवढेच पैसे एकरकमी घेऊन आपण आपले पाहावे. त्यात बचत होते आणि ती बचत अडचणीला कामी येते.

प्रतिसाद : परतवाट

सडेतोड, माझ्या लिहिण्यातली एक चूक आपण बरोबर पकडली. एल-१ए असता तरी मी वाचलो नसतो, हे मान्य आहे. व्हिसाच्या प्रकारावरचा माझा राग आणि पत्रातील शब्दांमुळे झालेले नुकसान यांची मी गल्लत केली होती. मला खड्ड्यात घातले ते परतफेडीच्या अटीने आणि परतीविषयीच्या मौनाने. तरीही व्हिसाचा प्रकार मी यादीतून काढणार नाही, कारण तिथे किती वर्षे राहता येईल, नोकरी बदलता येईल का आणि जोडीदाराला काम करता येईल का, हे सगळे त्यावरच अवलंबून असते.

एकरकमी रकमेविषयी मात्र माझा अनुभव आपल्या विरुद्ध आहे. अमेरिकेत २०१८ पासून कंपनीने दिलेला स्थलांतराचा खर्च सर्वसाधारणपणे पगारासारखाच करपात्र ठरतो. १०,००० डॉलर ठरले आणि सगळे मिळून ३० टक्के कर गेला, तर हातात ७,००० पडतात. हातात खरोखर १०,००० यायचे असतील तर कंपनीला सुमारे १४,२८६ द्यावे लागतात, आणि यालाच ग्रॉस-अप म्हणतात. माझ्या पत्रात तो शब्द नव्हता. पहिली पे-स्लिप पाहिली तेव्हा भत्त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला होता, आणि पुढे परतफेड मागताना कंपनीने मात्र करापूर्वीची पूर्ण रक्कम धरून हिशेब केला. जे पैसे माझ्या हाती कधी आलेच नाहीत, त्यांचाही हिस्सा मी परत केला. ब्रिटनमध्ये ठरावीक खर्चांवर ८,००० पौंडांपर्यंत करसवलत आहे, म्हणजे तिथला हिशेब वेगळा येईल. पण जाणार त्या देशाचा कर न पाहता ‘रोख घ्या’ असा सल्ला देणे मला धोक्याचे वाटते.

आज तेच पत्र माझ्यासमोर आले, तर मी त्यात एवढे घालून मागेन : ‘कर्मचाऱ्याने स्वेच्छेने राजीनामा दिल्यासच परतफेड लागू होईल, ती प्रत्यक्ष हाती आलेल्या रकमेवर मोजली जाईल, आणि कंपनीने नोकरी संपवल्यास किंवा व्हिसा नाकारला गेल्यास कुटुंबाच्या परतीचा व सामानाचा खर्च कंपनी करील.’

प्रतिसाद : सडेतोड

हाती न आलेल्या रकमेची परतफेड मागतात, हे मला माहीत नव्हते. ग्रॉस-अपशिवाय एकरकमी रक्कम घेऊ नये, एवढी दुरुस्ती मी माझ्या मतात करतो. पैसे आधी, हा क्रम मात्र बदलत नाही, कारण आपण लिहिलेले वाक्य कंपनीने नाकारले तर पुढे काय करायचे, याचे उत्तर आपल्याकडे नाही. मग बदलीच नाकारायची का?

प्रतिसाद : उंबरठा

मी नाकारली. परतीच्या खर्चावर लेखी उत्तर देण्यास कंपनीने तीन वेळा टाळाटाळ केली, तेव्हा मी आभार मानून नकार कळवला आणि मी आजही त्याच कंपनीत आहे.

प्रतिसाद : टेबलापलीकडून

असा नकार दिल्यामुळे कुणाची नोकरी गेल्याचे मी माझ्या कामात पाहिले नाही, जरी पुढची संधी लवकर येत नाही हे खरे आहे.

सर्वांच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली. ज्याचा व्हिसा नाकारला जातो, त्याची परदेशातली जागा तर जातेच, पण इकडची जुनी जागाही तोपर्यंत अनेकदा भरली गेलेली असते, कारण बदलीचे पत्र निघाल्याबरोबर विभागप्रमुख दुसऱ्या माणसाचा शोध सुरू करतो. एकदा आमच्याकडे एक गृहस्थ निरोपसमारंभ होऊन घरी गेले आणि नवव्या दिवशी त्यांचा अर्ज फेटाळला गेल्याची सूचना आली; त्यांच्या टेबलावर दुसऱ्याचा संगणक लागलेला होता. त्यांना दुसऱ्या विभागात जागा मिळवून द्यायला मला दोन महिने लागले आणि पद एक पायरी खालचे मिळाले. त्यानंतर मी प्रत्येक बदलीच्या पत्रात एक ओळ स्वतःहून घालू लागलो : व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत कर्मचाऱ्याची सध्याची जागा कायमस्वरूपी भरली जाणार नाही. आपल्या पत्रात ही ओळ नसेल तर सही करण्यापूर्वी ती मागून घ्या; कोणत्याही विभागप्रमुखाने या ओळीला माझ्यासमोर नकार दिलेला नाही.