झिंगाला पोकर कंपनी म्हणायचं का?

जर्सीकर:
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतो. झिंगा म्हणजे फेसबुकवर गेम्स चालवणारी कंपनी. मी पोकर शिकलो तेच तिच्या टेबलावर, २०१० च्या सुमारास, आणि तेव्हा वाटायचं की पैशाच्या ऑनलाइन पोकरला कायद्याने परवानगी मिळाली की हीच कंपनी सगळ्यांना खाणार, कोट्यवधी खेळणारे आधीच त्यांच्याकडे. एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट या पैशाच्या पोकरच्या मोठ्या साइट्स जप्त केल्या तेव्हा तर मैदानच मोकळं झालं. आज न्यू जर्सीत पैशाचं ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे पण झिंगा कुठेच नाही. असं का झालं?

चौकटराजा:
प्रयत्न केला होता ना त्यांनी. डिसेंबर २०११ ला अमेरिकन न्याय खात्याने सांगितलं की तार-फोनवरून चालणाऱ्या सट्ट्याविरुद्धचा जुना वायर अ‍ॅक्ट फक्त खेळांवरच्या सट्ट्याला लागू, तिथून राज्यांना वाट मिळाली. वर्षभराने झिंगाने नेवाडात लायसन्ससाठी अर्ज टाकला, एप्रिल २०१३ ला ब्रिटनमध्ये बीविन.पार्टी या ऑनलाइन जुगाराच्या कंपनीबरोबर खऱ्या पैशाचं पोकर सुरूही केलं. मग झिंगाचे प्रमुख मार्क पिंकस यांच्या जागी डॉन मॅट्रिक आले आणि त्याच जुलैत जाहीर केलं की अमेरिकेत लायसन्सच्या मागे जाणार नाही. १० डॉलरला बाजारात आलेला शेअर आधीच निम्म्याच्या खाली होता, तो आणखी आपटला.

तिर्रीपंजी:
माझं मत, ते पोकरच्या धंद्यात कधी नव्हतेच. पोकर साइट जगते नाल कापण्यावर, म्हणजे प्रत्येक डावात जमलेल्या पैशातून थोडा हिस्सा स्वतःसाठी काढायचा. झिंगा चिप्स, म्हणजे खेळातली आभासी नाणी, विकते, आणि त्या चिप्सचे परत पैसे होत नाहीत. म्हणजे तुम्ही हरलात तरच पुन्हा विकत घेणार. त्यात पैसे न भरता खेळणारे बहुतेक सगळे, फुकटच्या चिप्स रोज मिळतात, त्यातला कोण ओळखपत्र, पत्ता, बँक खातं देऊन दुसऱ्या साइटवर जाईल? आणि नेवाडा, डेलावेअर, न्यू जर्सी ही तीनच राज्यं उघडत होती, तेवढ्यासाठी लायसन्सचा खर्च आणि चौकशी कशाला ओढवून घ्यायची. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

जर्सीकर:
पण मग त्यांच्या चिप्स म्हणजे जुगार नाही हे नक्की ना?

चौकटराजा:
तिथेच अडचण आहे. २०१८ मध्ये बिग फिश कसिनो या अशाच आभासी चिप्सच्या गेमच्या खटल्यात अपील कोर्टाने म्हटलं की वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार अशा आभासी चिप्सनाही किंमत आहे, कारण त्यांच्यावाचून पुढे खेळताच येत नाही. लायसन्स नको म्हणून बाजूला राहिलं तरी कायदा मागून येतोच.

पुण्याचा_पत्तेबाज:
इकडे उलटं झालं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशाचं ऑनलाइन पोकर, रमी सगळं बंद, कौशल्याचा खेळ असला तरी, आणि पैज नसलेल्या सोशल गेम्सना मात्र वेगळी जागा दिली. मला पैशाच्या टेबलची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

जर्सीकर:
समजलं. अटलांटिक सिटीत, न्यू जर्सीतल्या कसिनोंच्या शहरात, पहिल्यांदा खऱ्या टेबलावर बसलो तेव्हा दुसऱ्याच डावात ऑल-इन केलं, म्हणजे होतं तेवढं सगळं लावलं, झिंगावर तीच सवय लागली होती, तिथे सगळे पहिल्याच पानाला ऑल-इन जायचे कारण हरण्यासारखं काही नव्हतंच. समोरच्या आजोबांनी शांतपणे कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे लावले. २०० डॉलर गेले.